दुमडलेली पानं

आमच्या ड्रायव्हरला अख्खा डेपो वाघोबा म्हणतो. तोंडावर नाही हं, तेवढी छाती कुणाची नाही. मिशा तशा, आवाज तसा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. तोंडाने मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमतं. मी त्यांना दादा म्हणते, ते मला बाई म्हणतात, आणि बाकी दिवसभर घंटीच काय ते बोलते. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, निघा. माझी घंटी झाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

शेवटच्या थांब्यावर गाडी वळवून लावली की चहापुरती सवड मिळते. पूर्वी वाघोबा तेवढ्यात डुलकी काढायचे. गेल्या वर्षापासून वाचायला लागले. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली पातळ पातळ पुस्तकं. सगळ्यांना वाटलं, खात्याची परीक्षा द्यायची असेल. एकदा मी चहा द्यायला केबिनमध्ये डोकावले तर कव्हर निसटलेलं, आणि आत गुलाबी चित्र. कॉलेजातली एक पोरगी, एक पोरगा, दोघांत एक सायकल.

"अगं बाई! दादा, हे काय?"

ते असे दचकले की कोपर लागून हॉर्न वाजला.

"तपास करतोय," ते म्हणाले.

तपास कसला ते मला सांगावं लागलं नाही. त्यांच्या एकुलत्या एक पोरीने वर्गातल्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा हे दारात उभे राहून ओरडले होते, "आजपासून हे घर बंद तुला. माझ्या गाडीतसुद्धा पाय ठेवायचा नाही!" ही पुस्तकं तिची. कपाटात राहिली होती. बायको रद्दीत घालायला निघाली, तर ह्यांनी गठ्ठाच उचलून सीटखाली आणून टाकला. पोरीच्या डोक्यात हे खूळ कुणी घातलं ते बघायचं होतं म्हणे.

पोरगी बापाचीच. तिने शब्द धरून ठेवला. तिचं नवं घर आमच्याच रस्त्यावर, पाण्याच्या टाकीच्या थांब्याजवळ. रोज सकाळी कामाला जायला ती तिथे उभी असायची. आमची गाडी आली की एक पाऊल मागे सरायची. बाकीचे चढायचे, ती मागच्या गाडीने यायची. वाघोबा समोर काचेत बघत राहायचे. पण ब्रेक तिथे जरा हळू लागायचा, आणि मीही घंटी द्यायला जरा वेळ लावायचे. ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तपास लांबला. मी म्हटलं, मनातल्या मनात काय वाचता, मोठ्याने वाचा. मग थांब्यांची नावं पुकारावीत तशा आवाजात ते वाचू लागले. एका चहात एक गोष्ट. वाचनालयात कुणीतरी पेन्सिल विसरतं, कुणीतरी ती परत करतं, मग भांडण, मग रुसवा, मग सॉरी. आधी मी हसले. ह्यात आहे काय एवढं? आणि एकदा गर्दीमुळे चहा अर्ध्यात टाकून निघावं लागलं, तर पुढच्या खेपेला तिकिटं फाडताना माझं लक्षच लागेना.

"दादा, त्या चिडक्या पोराने सॉरी म्हटलं का हो?"

"म्हटलं."

"कधी?"

"शेवटून दुसऱ्या पानावर. सगळे तिथेच म्हणतात."

खरं सांगते, मला त्या गोष्टींनी जीव लावला. दिवसभर धक्के, आरडाओरडा, खिडकीवरून भांडणं. आणि इथे दोन पोरं, त्यांना साऱ्या जगाची चिंता एवढीच की आधी बोलायचं कुणी. चहा गार व्हायच्या आत सगळं गोड होऊन जायचं. फार बरं वाटायचं.

फक्त गोष्टीत बाप आला की वाघोबा थांबायचे. पानाचा कोपरा दुमडायचे. मिशांखालचे ओठ घट्ट मिटायचे.

"ह्यातही बाप दारात उभा राहून ओरडतोय बघा."

"मग पुढे?"

"पुढे काय! पोरं भेटतात, गोष्ट संपते. बाप तिथेच दारात. त्याचं काय झालं ते कुणी लिहीतच नाही."

मी चहा पिऊन टाकला.

एके दिवशी शेवटच्या थांब्यावर त्यांच्या बायकोचा फोन आला. जावयाची बदली झाली होती, पार लांब. दुपारच्या रेल्वेने दोघं निघणार होते.

"भेटून ये म्हणते," वाघोबा म्हणाले.

"मग भेटा."

"ड्यूटी आहे."

"अहो, स्टेशन आपल्याच रस्त्यावर आहे!"

त्यांनी सीटखालून गठ्ठा काढला, कापडी पिशवीत भरला आणि पायाशी ठेवला.

टाकीच्या थांब्यावर ती उभी होती. शेजारी नवरा, पायाशी दोन बॅगा. गाडी थांबली. माणसं चढली. नवऱ्याने बॅग उचलली, तर तिने त्याची बाही धरली आणि एक पाऊल मागे सरली. वाघोबा समोर काचेत बघत होते. स्टिअरिंगवरची बोटं मात्र पांढरी पडली होती.

माझा हात सवयीने घंटीच्या दोरीकडे गेला. मी तो खाली घेतला.

"ओ बाई, घंटी द्या की! झोप लागली का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ज्याला घाई असेल त्याने उतरून पळत सुटावं," मी म्हटलं.

वाघोबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "बाई, घंटी."

"नाही देणार."

"गाडी लेट होतेय."

"होऊ दे. दादा, शेवटून दुसरं पान आलंय."

क्षणभर वाटलं, आता हा वाघ मला फाडून खातो. पण त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि खाली उतरले. पोरीसमोर जाऊन उभे राहिले. डेपो हलवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"चढ," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या गाडीत पाय..."

"चुकलं माझं. चढ, बाळा."

ती चढली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरचा माणूस आपण होऊन उठला. वाघोबांनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या जागेवर गेले. मी दोन घंट्या दिल्या.

तिने पहिलं पुस्तक उघडलं आणि कडाडलीच. "बाबा! पानं दुमडलीत? किती वेळा सांगितलंय, कोपरे दुमडायचे नाहीत म्हणून!"

ह्यांच्या डोक्यावर पाटी: चालकाशी बोलू नये. बिचारे बोलणार काय? कान तेवढे लाल झाले. ती एकेक कोपरा सरळ करत गेली. दुमडलेलं पान वाचायची, सरळ करायची. तिसऱ्या पुस्तकाला तिचे हात थांबले. मागची दोन्ही पुन्हा उघडून पाहिली. मग सरळ केलेले कोपरे तिने होते तसे परत दुमडले, एकेक करून. आणि बापाच्या सीटमागच्या दांडीवर हात ठेवला तो स्टेशन येईपर्यंत काढला नाही.

स्टेशनवर वाघोबांनी स्वतः बॅगा उतरवल्या. जावयाच्या खांद्यावर एकदा हात ठेवला. तिने पिशवीतून एक पुस्तक काढून पुढे केलं.

"ह्यात एकही पान दुमडलेलं नाही. वाचलं नाही हे?"

"अर्धं झालंय. ह्यात बाप आलेला नाही अजून."

"मग हे तुमच्याकडेच राहू द्या. मी न्यायला येईन." आणि मला म्हणाली, "येते हं, मावशी."

ती दोघं गर्दीत दिसेनाशी झाली. वाघोबा येऊन बसले. मी दोन घंट्या दिल्या, तरी गाडी हलली नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून माणूस हमसून रडत होता. या वेळी मागून कुणी ओरडलं नाही.

ते पुस्तक अजून गाडीच्या काचेपाशी असतं. वर्तमानपत्राचं कव्हर त्यांनी काढून टाकलंय, सगळ्या डेपोला दिसेल असं गुलाबी. थंडी येऊन गेली, उन्हाळाही सरत आलाय. काल मी विचारलं, "संपवलंत का हो?"

"नाही."

"अहो, एका चहाची गोष्ट!"

"राहू द्या, बाई. ती आली की वाचू."

पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर हल्ली चढणारं-उतरणारं कुणी नसलं तरी ते गाडी थांबवतात. मी घंटी द्यायला जरा वेळ लावते.