बाणासारखं अक्षर

मोहनरावांनी पिंपरीच्या कारखान्यात जन्मभर यंत्रांची ड्रॉइंग काढली. पण म्हातारपणी एका अक्षराने त्यांना असं वेड लावलं की विचारू नका. आल्प्सच्या डोंगरांत फार पूर्वी रेटिक लिपीत लिहीत, त्यातलं हे एक, बाणासारखं. कोणाच्या बाणाचे फाटे लांब, कोणाचे आखूड, कोणाचे भलतेच तिरके. एक दुसऱ्यासारखं असेल तर शपथ!

त्यांची मुलगी मयूरा ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या युनिव्हर्सिटीत याच अक्षरावर पीएचडीला लागली होती. आई, शैलाताई, गेल्यावर तिने वडिलांना तिथल्याच गुंगालिन उपनगरात आपल्या घरी आणलं आणि पुढ्यात फोटोंचा ढीग टाकला. "बाबा, हे सगळे प्रकार ट्रेस करून दे ना. तुझ्यासारखी लाइन मला नाही जमत. थिसिस तुझ्यावर आहे."

थिसिस आपल्यावर आहे म्हटल्यावर माणूस काय करणार? हीटरजवळ टेबल ओढून मोहनराव कामाला लागले. बायकोचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा "जाऊन येऊ का?" असं त्यांनी विचारलं. "बाबा, प्लीज, डेडलाइन आहे," मयूरा म्हणाली. श्राद्ध पुण्यात मोहनरावांच्या धाकट्या भावाने केलं. ते मनाला लागून राहिलं होतं. पण काम म्हणजे काम. प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात मोहनरावांची सही, शेजारी तपासणाऱ्याची जागा. तिथे संध्याकाळी मयूरा सही करायची.

जुन्या ड्रॉइंग ऑफिसात एक खोडी चालायची. तपासणारा खरंच पाहतो की नुसती सही ठोकतो, हे कळावं म्हणून मुद्दाम एक रेघ चुकवायची. त्याला ती सापडली की आपण त्याला चहा पाजायचा. जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका कडाक्याच्या दिवशी मोहनरावांना हुक्की आली. बाणांच्या रांगेत मधोमध त्यांनी एक ठसठशीत मराठी ळ काढून ठेवला. पोरगी खो खो हसेल, मग आल्याचा चहा करू, असा बेत.

मयूरा आली आणि जॅकेटही न काढता सही करून मोकळी झाली. "मस्त, बाबा! एक्झॅक्टली हेच हवं होतं."

मोहनराव आलं किसत होते. किसणी खाली ठेवून ते टेबलापाशी आले. "नीट पाहिलंस?"

"हो ना."

त्यांनी ळवर बोट ठेवलं. मयूराचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, मी पीएचडी सोडली," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तू यायच्या आधीच. आता गव्हर्नमेंटमध्ये जॉब करते. तू आईचा फोटो घेऊन दिवसभर रडत बसायचास, मला बघवत नव्हतं. काहीतरी द्यायला हवं होतं ना तुला."

मोहनरावांना संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली. किरकिऱ्या पोराला पाटी-पेन्सिल देऊन बसवावं, तसं पोटच्या पोरीने त्यांना बसवलं होतं. सरळसरळ फसवलं होतं. आणि ते मात्र रेघ हलू नये म्हणून श्वास रोखून काम करत होते.

"श्राद्धाला जाऊ दिलं नाहीस," ते म्हणाले.

"तिथे तू कोसळला असतास, बाबा."

"मग कोसळू द्यायचं होतंस! माझी बायको होती ती."

मयूरा रडायला लागली. एरवी मोहनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. आज त्यांनी किसलेलं आलं सिंकमध्ये झटकलं आणि हात धुतले.

"पुण्याचं तिकीट काढ," पाठमोरेच ते म्हणाले. "आणि काढलंस की मला दाखव. तारीख मी स्वतः तपासेन."