पाठीवरचा ढग

साहेब, तुम्ही त्या माशाला बघितलंच नाहीत! तिसऱ्या मजल्यावर बसून सही ठोकलीत आणि एका धडधाकट जिवाच्या मरणाचा कागद खाली पाठवलात. तोही कुठे? कातडीच्या दवाखान्यात, जिथे रोज शंभर माणसं आपापले डाग झाकून बसलेली असतात!

वाचकहो, ती खोली आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लोखंडी बाकडी, औषधांची खिडकी आणि भिंतीशी काचेची टाकी. टाकीत दोन गोल्डफिश. दुपारी उन्हाची तिरीप पाण्यातून आली की भिंतीवर हिरवट लाटा हलू लागतात, बाकांवरचे चेहरे त्यांत बुडतात, आणि घटकाभर सगळा दवाखाना पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. लोक टाकीकडे तोंड करून बसतात. मासे कुणाच्या डागांकडे टक लावून बघत नाहीत.

एका माशाच्या गालांवर पांढरे ठिपके उमटले होते. दुसरी मादी, तिच्या पाठीवर कापसासारखा मऊ पुंजका होता. ती हळूहळू तरंगायची आणि लोक कौतुकानं म्हणायचे, "ढगवाली आली बघा."

टाकी सांभाळायचा शिपाई. त्याला सगळे चकाचक म्हणत. दर सोमवारी तो मासे जाळीनं उपसायचा, सगळं पाणी फेकायचा, गाळणीचा स्पंज साबणानं चोळायचा आणि थेट नळाचं पाणी भरायचा. काच अशी लखलखायची की लोक तिच्यात भांग पाडून घ्यायचे.

त्या दुपारी त्यानं साहेबांचा कागद मोठ्यानं वाचला. "ठिपकेवाला मासा आज पाचच्या आत काढून टाकावा. पाहणाऱ्यांना किळस येते."

टाकीजवळ बसलेल्या शिक्षिकेच्या हातांवर पांढरे चट्टे होते. तिनं बाही हळूच बोटांपर्यंत ओढली.

चकाचकनं जाळी उचलली.

"थांब रे!" खिडकीतून औषधं देणाऱ्या काकूंचा आवाज आला. "आधी डॉक्टरांचं भिंग आण."

"काकू, हुकूम आहे."

"हुकूम काही पळून जात नाही. मासा मात्र जाईल. आण म्हणते ना!"

भिंग आलं. काकू बाहेर आल्या. "आता बघ. ठिपके कुठे आहेत?"

"कल्ल्यांच्या झाकणांवर. आणि पुढच्या परांच्या कडेला."

"पाठीवर, शेपटीवर?"

"नाहीत."

"खातोय का?"

"खातोय? माझं बोटसुद्धा खाईल!"

"मग आजारी कसला? नर आहे तो. पोरांना मिसरूड फुटतं, तशा याला चांदण्या फुटल्यात. आजाराचे ठिपके मीठ भुरभुरल्यासारखे अंगभर पसरतात. मासा पर मिटून बसतो, दगडाला अंग घासतो."

"सुटलो बुवा!"

"सुटलास कसला? ढगवालीकडे बघ."

चकाचकनं भिंग धरलं आणि ढग नाहीसा झाला! उरले नुसते पांढरे तंतू आणि त्यांच्याखाली लालभडक ओरखडा. ती कोपऱ्यात पर मिटून थरथरत होती. इतके दिवस सगळे तिचं दुखणं बघून खूश होत होते.

"बुरशी आहे," काकू म्हणाल्या. "ओरखडा तुझ्या जाळीचा. अंगावरचा बुळबुळीत थर हेच तिचं चिलखत, ते तू दर सोमवारी खरवडतोस. स्पंजातले चांगले जंतू पाणी निरोगी ठेवतात, त्यांना साबण पाजतोस. वरून नळातलं क्लोरीन."

"मी तर साफ करत होतो, काकू!"

"चकचकीत करत होतास. साहेबांना दिसावं म्हणून."

चकाचक मटकन खाली बसला. "म्हणजे... मीच केलं हे!"

"केलंस ना? मग ऊठ, आता निस्तर."

काकूंनी झाडांसाठी कालपासून उघडं ठेवलेलं पाणी टबात ओतलं. तराजूवर आयोडीन नसलेलं मीठ मोजलं, दर लिटरला दोन ग्रॅम, आणि विरघळवून थोडं थोडं घातलं. हवेची नळी सोडली. पण मासा उचलायचा कसा? जाळी तर नकोच.

शिक्षिका उठली. तिनं बाही कोपरापर्यंत सारली. भर खोलीत! वाडगा पाण्यात बुडवून ती स्तब्ध उभी राहिली. हिरव्या लाटा तिच्या चट्ट्यांवरून वाहत होत्या. ढगवाली स्वतःहून वाडग्यात शिरली.

"माझे चट्टे कुणाला लागत नाहीत बरं का," शिक्षिका म्हणाली. कुणीही बाक सोडला नाही.

"दोन दिवसांत बुरशी उतरली नाही, तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे," काकूंनी बजावलं. उतरली. दोन आठवड्यांत जखम भरली, एक फिका व्रण तेवढा राहिला. आता चकाचक चौथाईच पाणी बदलतो, तेही दिवसभर उघडं ठेवून मुरवलेलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळतो. काचेवर थोडं शेवाळ असतं, असू दे.

वाचकहो, लखलखीत म्हणजे निरोगी नव्हे आणि ठिपका म्हणजे रोग नव्हे. वाकून बघा, माहीतगाराला विचारा, मग हात उचला. मासा असो वा माणूस!

हुकूम आला त्याच संध्याकाळी पाचला चकाचकनं साहेबांच्या कागदाखाली लिहून कागद वर पाठवला होता: "ठिपकेवाला निरोगी आहे. काढलेला नाही. किळस नक्की कुणाला येते, ते कळवावे."

महिना झाला, साहेब. बाकांवरची माणसं अजून तिथेच बसलीत. कळवा!