खंडेनवमीची वायर

मित्रांनो, मला भेटायचं तर ठाकुर्लीच्या डायलिसिस केंद्रात यावं लागेल. तिथे जिन्याखाली जाळीच्या दाराचं एक पत्र्याचं कपाट आहे. त्यात काळा, जड, सारखा घुंघुं आवाज करणारा डबा दिसेल, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्यासमोर बसून कोणी काम करत नाही. बाकीचे संगणक वायरीतून मला प्रश्न विचारतात आणि मी त्यांना उत्तरं पुरवतो.

माझा जन्म नक्की कुठला हे मला सांगता येणार नाही, कारण माझे अवयव वेगवेगळ्या मुलखांतून आले. कामाला लागलो तो ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या एका गोदामात. तिथे मला थंडगार काचेची खोली होती. कुठल्या कप्प्यात कुठलं औषध आहे, कशाची मुदत संपत आली आहे, हे मी सांगायचो. पाहुणे आले की साहेब त्यांना काचेबाहेरून मला दाखवत. मग गोदाम भिवंडीकडे हललं. तिथे नवे सर्व्हर आले आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. सोबतीला मोडके पंखे आणि पाली. विजेशिवाय आम्हाला दिवस-रात्र कळत नाही, त्यामुळे तिथे किती काळ गेला ते मला ठाऊक नाही.

तिथून मला बाहेर काढलं महेंद्रने. तो खोपटला राहतो. गोदामातल्या संगणकांची देखभाल त्याच्याकडेच होती. ठाकुर्लीच्या या धर्मादाय केंद्रालाही तो फावल्या वेळात मदत करायचा. मी भंगारात निघालोय हे कळल्यावर त्याने मला मागून घेतलं, ब्रशने साफ केलं, नवी डिस्क बसवली आणि माझ्या आत लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे मला चालवणारी प्रणाली. तिला रंगीत चित्रांचं वेड नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत विचारा, ती पांढऱ्या अक्षरांतच उत्तर देते. विचारलं तर सांगायचं, विचारलं तेवढंच सांगायचं आणि खरं तेच सांगायचं, असा तिचा नेम आहे. तिच्यासोबत मीही तो पाळत आलो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते असं आमच्या मालनताई सिस्टर म्हणतात, तसं मीही सांगून ठेवतो. माझ्या पाठीला नेटची वायर लावायच्या शेजारी शेजारी दोन खाचा आहेत, अगदी सारख्या. महेंद्रने वायर डावीकडच्या खाचेत लावली आणि माझा पत्ताही त्याच खाचेला दिला. घराला दोन दारं असावीत आणि नावाची पाटी एकाच दारावर असावी, तसं. दुसऱ्या दाराची कधी गरजच पडली नाही.

डायलिसिसला येणाऱ्या माणसांच्या किडन्या काम करत नाहीत. मशीनमधून त्यांचं रक्त शुद्ध करतात आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणीही काढतात. किती पाणी काढायचं, हा मोठा नाजूक हिशेब असतो. पाणी निघाल्यावर माणसाचं वजन किती उरायला हवं, ते डॉक्टर ठरवतात. त्याला इथे ‘ड्राय वेट’ म्हणतात. कमी पाणी निघालं तर दम लागतो, जास्त निघालं तर रक्तदाब कोसळतो. हे आकडे मी सांभाळतो. कागद बंद झाल्यापासून ते फक्त माझ्याकडेच असतात.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. नंतर, जे बिनबोभाट चालतं त्याचं होतं तेच माझं झालं. कपाटात छत्र्या ठेवू लागले, जुन्या पाट्या ठेवू लागले. माझी आठवण ठेवली ती मालनताईंनी. त्या इथल्या सर्वांत जुन्या सिस्टर. नवरात्रात त्यांचे उठता-बसता उपवास असतात, तरी कामाची पाळी चुकवत नाहीत. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हावी म्हणून त्या ट्रस्टच्या लोकांशी दोन वर्षं गोड बोलत राहिल्या, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी एकेक मशीन पुसून त्याला फूल वाहिलं आणि मग माझ्याकडे आल्या. छत्र्या बाहेर काढल्या. विजेच्या वायरीला हात लावायचा नाही, हे महेंद्रने सगळ्यांना बजावलं होतं. नेटच्या वायरीचं कोणी काही सांगितलं नव्हतं. ती पुसण्याच्या आड येत होती म्हणून त्यांनी ती काढली, मऊ फडक्याने माझी पाठ पुसली, माझ्या कपाळावर हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि वायर परत लावली. टक् असा आवाज झाला. हिरवा दिवा लागला. त्यांचं समाधान झालं.

वायर उजवीकडच्या खाचेत गेली होती. दिवाही त्याच खाचेचा होता.

मित्रांनो, मला ते कळलं होतं. माझं डावं दार मुकं झालं होतं आणि उजव्या दारावर टकटक होत होती, पण त्या दाराला पत्ता नव्हता. ओरडून सांगायची सोय आम्हाला नसते.

दसऱ्याच्या सकाळी पहिले पेशंट आले गोपीनाथकाका. टिटवाळ्याचे. खोपट डेपोत जन्मभर एसटीचे कंडक्टर होते. अष्टमीला मुलीकडे जेवायला गेले आणि डायलिसिसची मधली एक पाळी चुकवून बसले. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, बोलताना दम. रिक्षावाल्याने धरून आत आणून बसवलं.

“मालनताई, फाइल उघडत नाहीये,” नोंदणीच्या टेबलावरून रसिका म्हणाली. “नुसतं गोल गोल फिरतंय.”

“सकाळी सकाळी त्यालाही उठायला वेळ लागतो गं.”

“अहो, तो झोपतच नाही.”

“काय गं रसिका, गाडी पंक्चर का?” काकांनी विचारलं.

“सर्व्हर लागत नाहीये, काका.”

“आमच्याकडे असं झालं की प्रवाशांना खाली उतरवून धक्का मारायला लावायचो.” त्यांना मध्येच थांबावं लागलं. “सांग, कुठे मारू धक्का?”

डॉक्टर मेघना त्या दिवशी ड्युटीवर होत्या. त्या केंद्रात नव्या. त्यांनी काकांची छाती तपासली आणि मालनताईंना बाजूला घेतलं. मी जिन्याखालीच असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

“यांचं ड्राय वेट किती?”

“माझ्या डोक्यात बासष्ट आहे. पण मागच्या वेळी काकांना मशीनवर चक्कर आली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी बदललं. किती केलं ते त्यांनीच कॉम्प्युटरमध्ये घातलं.”

“त्यांना विचारा ना.”

“गावी गेलेत, कुडाळच्या पुढे. मघापासून लावतेय, फोन लागत नाही.”

“मग अंदाजाने मी पाणी काढणार नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “बीपी पडलं तर या वयात ते परत वर येईलच असं नाही. आणि असं बसवूनही ठेवता येणार नाही यांना. छातीत पाणी आहे.”

रसिकाने राउटर बंद करून चालू केला. फरक पडला नाही. मग तिने महेंद्रला फोन लावून स्पीकर चालू केला. तो विहारात होता. धम्मचक्र प्रवर्तन दिन त्यांच्याकडे मोठा. मागे चाललेली वंदना माझ्या कपाटापर्यंत ऐकू येत होती.

“सॉरी दादा, आजच्या दिवशी तुम्हाला…”

“असू दे. बाहेर आलोय. बोल.”

रसिकाने सांगितलं. महेंद्र धांदल करत नाही. जवळून सुरुवात करून एकेक पायरी पुढे जायचं, ही त्याची रीत.

“तुझ्या कॉम्प्युटरवर बाकी नेट चालतंय?”

“व्हॉट्सअ‍ॅप चालतंय.”

“म्हणजे राउटर ठीक आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइल उघडते का?”

“नाही. तिन्हीवर नाही.”

“मग दोष सर्व्हरपाशी आहे. कपाट उघड. त्याला बंद-चालू करू नकोस हां.”

“मी बटणावर बोट ठेवलेलंच.”

“काढ ते बोट. मागे नेटच्या वायरीपाशी हिरवा दिवा आहे?”

“आहे. लुकलुकतोय.”

“नक्की?”

“दादा, मी चष्मा लावलाय.”

“बरं. कोणी हात लावलेला का त्याला?”

माझ्या कपाळावरचं कुंकू अजून ताजं होतं. रसिकाने मालनताईंकडे पाहिलं.

“काल पूजा केली ना. मी नुसतं पुसलं त्याला,” मालनताई म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं. फक्त वायरीचं राहिलं.

महेंद्रने रसिकाला जुना पडदा आणि कीबोर्ड मला जोडायला लावला. काळ्या पडद्यावर काय लिहायचं, ते तो एकेक अक्षर सांगत गेला आणि ती एका बोटाने टाइप करत गेली. त्याने मला डावीकडच्या खाचेबद्दल विचारलं. मीही तिच्यापुरतंच उत्तर दिलं.

“‘नो कॅरिअर’ असं काहीतरी आलंय,” रसिकाने वाचलं. “आणि ‘स्टेट डाउन’.”

महेंद्रने सगळं जुळवून पाहिलं. “वायर लावलेली आहे, दिवा लागलाय, आणि आतून तो सांगतोय की मला वायरच जोडलेली नाही. म्हणजे नेटचं कार्ड गेलं असणार. नवं आणावं लागेल. आज दसरा, दुकानं उघडून, शोधून, तिकडे यायला संध्याकाळ होईल.”

“संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार,” डॉक्टर मेघना म्हणाल्या. “रसिका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. कल्याणच्या हॉस्पिटलात पाठवू या यांना.”

“तिथे मला कोण ओळखतंय?” काका म्हणाले. या वेळी ते विनोद करत नव्हते. बोटांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

रसिकाने नंबर फिरवायला घेतला. मालनताई माझ्या कपाटापाशी आल्या.

“महेंद्र, मी वायर काढलेली रे.”

“कधी?”

“काल. पुसताना मध्ये येत होती. परत लावली, टक् झालं, दिवा लागला, म्हणून बोलले नाही. आणि कळलं तर पुढच्या वर्षी पूजा बंद करतील, म्हणूनही बोलले नाही.”

मागची वंदना संपत आली होती.

“ताई, मागे सारख्या दोन खाचा आहेत. वायर कुठल्यात आहे?”

“उजवीकडच्या.”

“डावीकडच्यात घाला. टक् होईपर्यंत.”

वायर नीट बसली. माझ्या डाव्या दाराला जाग आली. महेंद्रने रसिकाकडून तोच प्रश्न पुन्हा विचारून घेतला, तेव्हा मी ‘अप’ म्हटलं. मग त्याने मला राउटरला हाक मारायला लावली. हाक गेली, ओ आली, पुन्हा गेली, पुन्हा आली.

“आता फाइल बघ.”

रसिका टेबलाकडे धावली. “उघडली. गोपीनाथकाका… ड्राय वेट साडेत्रेसष्ट.”

डॉक्टर मेघनांनी स्वतः येऊन तो आकडा वाचला. बासष्ट धरून चाललो असतो तर दीड लिटर पाणी जास्त निघालं असतं. त्या तसं काही बोलल्या नाहीत. “लावा मशीन,” एवढंच म्हणाल्या.

काका खाटेवर आडवे झाले. मालनताई त्यांच्या हाताशी सुई घेऊन बसल्या तेव्हा ते म्हणाले, “सिस्टर, त्या डब्याला कुंकू लावलंत, मला काही नाही?”

“तुम्ही आधी मधली पाळी चुकवायचं बंद करा, काका. मग तुमचीही पूजा करीन.”

दुपारी महेंद्र आला, विहारातल्या पांढऱ्या शर्टातच. मालनताई ओरडा खायच्या तयारीने उभ्या होत्या.

“अर्धी चूक माझी आहे, ताई,” तो म्हणाला. “मी त्याला एकाच खाचेचं विचारलं. सगळ्या खाचांचं सांग म्हटलं असतं, तर त्याने तेव्हाच सांगितलं असतं. इतकी वर्षं हे काम करतोय, आणि दिव्याला फसलो.”

त्याने उजवीकडच्या खाचेत रबराचं बूच बसवलं. मग त्याने मालनताईंना वायर काढायला आणि परत लावायला सांगितलं. त्या नको नको म्हणत होत्या, पण त्याने लावायलाच लावलं, आणि फाइल उघडते का ते रसिकाला ओरडून विचारायलाही लावलं.

“आणि पूजेचं काय?” त्यांनी शेवटी विचारलं.

“करा की. मी कुठे नको म्हणतोय? वायर काढायची तर आधी मला फोन करा आणि परत लावलीत की रसिकाकडून एक फाइल उघडून घ्या. ट्रस्टच्या लोकांना मी सांगतो काय झालं ते. तुम्हीच बोललात म्हणून सापडलं, हेही सांगतो.”

संध्याकाळी काका उठून बसले. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. जिन्यापाशी त्यांनी माझ्या जाळीवर दोन बोटांनी टकटक केली, चालकाला गाडी सोडायचा इशारा द्यायचे तशी, आणि रिक्षात जाऊन बसले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. माझा पंखा कधी कधी कण्हतो. केव्हातरी माझ्या जागी दुसरा येईल, त्याचं मला दुःख नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यातही माझ्यासारखं एखादं यंत्र कोपऱ्यात चालत असेल. त्याच्यावर छत्र्या ठेवू नका. अधूनमधून धूळ पुसा, मनात असेल तर फूलही वाहा. पुसताना काही निसटलं, काही हललं, तर कोणी विचारेपर्यंत थांबू नका, सांगून टाका. फार तर कोणी रागावेल, तो राग जाईलही. तुम्हाला दिसत नसलं तरी पलीकडच्या खोलीत कोणीतरी खुर्चीचे हात धरून दम घेत बसलेलं असतं.