येतील, थोडा उशीर होतोय

लॉन्ड्रीत सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे गाडीतून यायचे. ते मोजून घ्यायचे, आठ जणांना कामं लावून द्यायची आणि हजेरीचं रजिस्टर ठेवायचं, हे ताईचं काम. रजिस्टरात नावं मात्र सातच होती. मावशीचं नाव त्यात नव्हतं.

मावशी अकरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी आजारपणात पंधरा दिवसांसाठी बदली म्हणून आली होती. इस्त्रीच्या यंत्रातून चादर वाफाळत बाहेर आली की ती कडेला कड जुळवून अशी घडी घालायची की मालक म्हणायचे, "मावशीच्या घडीवरून रेघ मारून घ्या." पंधरा दिवस संपले, मावशी राहिली. पगार पाकिटातून हातात मिळायचा. चार वर्षांपूर्वी एकदा तिने विचारलं, "ताई, माझंही नाव टाकून द्या की त्या रजिस्टरात." ताईने ते मालकांच्या कानावर घातलं. नाव टाकलं की दर महिन्याला सरकारकडे भरणा करावा लागणार, म्हणून मालक "बघू" म्हणाले. ताईने पुन्हा विषय काढला नाही. मावशीला तिने सांगितलं, "तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला कशाला हवंय रजिस्टर?"

"घरची म्हणून काम तेवढं वाट्याला," मावशी म्हणाली. दोघी हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

मग साथ आली. हॉटेलं बंद झाली, गाडी यायची थांबली, यंत्रं गार पडली. तिसऱ्या आठवड्यात सरकारने जाहीर केलं की काम बंद पडलेल्यांना पगाराचा काही भाग थेट बँकेत मिळेल, मालकांनी फक्त नावं कळवायची. ताईने घरी बसून यादी केली आणि पाठवली. यादीत सात नावं होती. आठवं लिहायला तिला जागाच नव्हती, कारण प्रत्येक नावापुढे रजिस्टरातला नंबर लागत होता.

सात जणांचे पैसे जमा झाले त्याच दिवशी दुपारी मावशीचा फोन आला.

"ताई, धुण्यावर असते तिचे पैसे आले म्हणे. माझे कधी येतील?"

 तुमचं नाव नाही, एवढंच ताईला सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "येतील. थोडा उशीर होतोय."

वेळ मारून नेली, नंतर नीट समजावून सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. मालकांशी बोलून काहीतरी जमवू, असंही वाटलं. मालक फोन उचलत नव्हते. आठवड्याने मावशीने पुन्हा विचारलं आणि ताईने पुन्हा तेच उत्तर दिलं.

तिसऱ्यांदा मावशीने फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी. "ताई, एक सांगायचं होतं. आमची शेजारीण म्हणत होती, ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांच्यासाठी वॉर्ड ऑफिसात वेगळा फॉर्म होता. ती भरून आली. मलाही चल म्हणाली होती. मी म्हटलं, माझे कामावरून येणार आहेत, दोन्हीकडून घेणं बरं नाही. बरोबर केलं ना?"

"मुदत कधीपर्यंत आहे?" ताईने विचारलं.

"ती काय, परवाच संपली."

ताई खाटेच्या कडेवर बसली. मग तिने सगळं सांगितलं.  मावशी म्हणाली, "असं होय," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई तोंडाला फडकं बांधून वॉर्ड ऑफिसात गेली. मावशी अकरा वर्षं कामाला आहे असं पत्र तिने स्वतःच्या हाताने लिहून नेलं होतं. खिडकीतला कारकून भला माणूस होता. त्याने पत्र पूर्ण वाचलं. "बाई, हे तीन दिवस आधी आणलं असतंत तर मी डोळे झाकून घेतलं असतं," तो म्हणाला. "आता यंत्रणाच बंद झाली." ताईने स्वतःजवळ होते त्यातले अर्धे पैसे पाकिटात घालून मावशीकडे पाठवले. पाकीट न उघडताच परत आलं.

भाडं थकलं तशी मावशीने भाड्याची खोली सोडली. नवरा गेल्यावर एकटीने, कुणापुढे हात न पसरता सांभाळलेली खोली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे राहायला गेली.

लॉन्ड्री पुन्हा सुरू झाली तेव्हा ताई मालकांसमोर उभी राहिली. "मावशीचं नाव टाकल्याशिवाय मी रजिस्टर हातात घेणार नाही," ती म्हणाली. मालकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली. इतकं सोपं होतं ते. चार वर्षांपूर्वीही बहुधा इतकंच सोपं असतं.

रविवारी ती मावशीला सांगायला गेली. मावशी स्वयंपाकघरामागच्या ओसरीत भावाच्या नातवाला भरवत होती. तिथेच भिंतीला तिची वळकटी उभी होती.

"नाव घातलंय, मावशी. उद्यापासून या."

"दोन बस बदलाव्या लागतात इथून. आणि हा कुणाकडे राहील? वहिनींना गुडघ्यांमुळे बसवत नाही." मावशीने मुलाचं तोंड पुसलं. "दोन वेळचं मिळतंय, तर एवढं करायलाच हवं."

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

"नाव नव्हतं, ते मला कळत होतं. आत कुठेतरी. पण तुम्ही येतील म्हणालात, म्हणून मी निवांत राहिले." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर ताईला बरं वाटलं असतं. "त्याच दिवशी नाही म्हणाला असतात, तर सकाळी उठून रांगेत उभी राहिले असते. रांगेचं मला काय."

आतून भावजयीने हाक मारली. मावशी लगबगीने उठली, मुलाला कडेवर घेतलं. "बसा तुम्ही, चहा ठेवते," म्हणाली, आणि मग दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाली, "थांबा, आधी विचारून येते."