कुरतडलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. म्हणजे होतो. आता माझी खापरं एरंडोलला गिरधर आबांच्या परसात, कढीपत्त्याच्या झाडाखाली पडली आहेत. खापरांना कोण विचारतो? पण मला बोलायचं आहे, आणि गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

पुना कुंभाराने मला घडवलं. त्याने माती तुडवली, चाळली, चाकावर मला आकार दिला, थापटून थापटून माझं पोट गोल केलं आणि भट्टीत भाजलं. बाजारात आबांच्या बायकोने, बेबाबाईने, मला बोटाने वाजवून पाहिलं. आवाज टणक निघाला तेव्हाच तिने मला उचललं. माठ घेताना इतकी चिकित्सा करणारी ही बाई घरातल्या माणसांकडे मात्र ढुंकूनही बघत नाही, हे मला पुढे कळलं.

माझीही चलती होती. खानदेशातला उन्हाळा, बाहेर पाय भाजतात, आणि आल्या पाहुण्याला माझं पाणी. तांब्या रिकामा करून पाहुणे म्हणायचे, "काय गार पाणी शे!" मग घरात फुलाफुलांचा फ्रिज आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. भिंतीलगतच्या घडवंचीवर मी बसलो. आबा तेवढे माझं पाणी पीत राहिले, कारण फ्रिजच्या पाण्याने त्यांचा घसा धरायचा. ते प्रेम नव्हतं, घशाची सोय होती. असल्या बाबतीत मी फसत नाही.

मग तेजसचं लग्न झालं. तेजस हा आबांचा मुलगा, जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरीला. बायको धुळ्याची, डिंपल. तिला दिवस गेले आणि या घराचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

पहिले महिने ती ओकून ओकून अर्धी झाली. चौथ्यात उलट्या थांबल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता काय, सगळं ठीक! तेजसने मोबाइलवर काहीतरी घेतलं होतं. ते त्याला दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते फळाच्या मापाने सांगायचं. बाळ लिंबाएवढं झालं, आंब्याएवढं झालं. हा पठ्ठ्या ते कारखान्यात सांगायचा, गल्लीत सांगायचा, भाजीवाल्यालाही सांगायचा. बायकोची नखं कागदासारखी पांढरी पडली होती, ती काही मोबाइलने त्याला दाखवली नाहीत. बेबाबाई तर डोहाळजेवणाच्या तयारीत बुडाली होती. हिरवी साडी कुठली, फुलांचे दागिने कुठले, फोटोवाला कोण. सून जिना चढताना दोनदा थांबते, हे त्या साडीच्या घडीत कुठे दिसणार?

दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. बेबाबाईने त्या देव्हाऱ्यामागे ठेवून दिल्या. म्हणाली, "गोळ्या खाऊ नको वं, पोर काळं व्हस." गोळ्यांनी डिंपलला मळमळायचं, त्यामुळे तीही गप्प बसली. एकीचं अज्ञान आणि दुसरीचा आळस, दोघींचं छान जमलं.

आता माझ्या पाठीकडे काय चाललं होतं ते सांगतो. दुपारी घर झोपलं की डिंपल पडवीत यायची. माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घालायची, माझी ओली पाठ नखाने खरवडायची आणि ती माती जिभेवर ठेवायची. डोळे मिटायची. रोज थोडी थोडी. मला वेदना होत नव्हत्या, पण मी संतापायचो. ज्या घरात बदाम भिजत घालतात, त्या घरातली गरोदर सून माठ खाते!

एकदा घरोघरी फिरून गरोदर बायांची चौकशी करणाऱ्या, आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. पडवीतच बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "डिंपल, माती, राख, पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का? लाजू नको. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. वेळेवर कळलं नाही तर तुलाही धोका आणि बाळालाही."

डिंपलने तोंड उघडलं होतं. पण बेबाबाई मध्येच म्हणाली, "मनी सून माती कसाले खाई? आमना घरमा काय कमी शे? दूध शे, तूप शे, बठ्ठं शे!"

डिंपलने तोंड मिटलं. मला त्या घराची मनापासून किळस आली.

पण एक दुपार मी विसरणार नाही. उकाडा असह्य होता. डिंपल आली आणि पोट माझ्या गार अंगाला टेकवून उभी राहिली. तेवढ्यात आतून काहीतरी हललं आणि मला टपकन लागलं. डिंपल दचकली. मग तिने एक हात पोटावर ठेवला आणि एक माझ्यावर, आणि एकटीच हसली. त्या लेकराची पहिली लाथ मला लागली, मित्रांनो. त्याचा बाप तेव्हा जळगावात बसून ते केवढ्या फळाएवढं झालं ते वाचत होता.

पुढे एकदा बेबाबाई पडवी झाडत होती. तिने मला जरा फिरवलं आणि ओरडली, "माय वं! उंदीरस्नी बठ्ठा माठ कुरतडी टाका!" माझ्या पाठीवर तळहाताएवढा खड्डा पडला होता. उंदीर माठ खात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या घरात सून माती खाणं शक्य नव्हतं, म्हणून उंदीर माठ खात होते.

त्या दिवशी सुट्टी होती. तेजस बाजारातून उंदराचं औषध घेऊन आला. बेबाबाई त्याला हळूच म्हणाली, "डिंपलले सांगू नको. दोन जीवनी बाई शे, तिन्हा पुढे जीव मारानी गोष्ट काढानी नही."

तेजसने मान डोलावली. औषध कणकेत कालवलं आणि तो गोळा माझ्या पाठीवरच्या खड्ड्यात अंगठ्याने दाबून बसवला. माझी भिंत तिथे आधीच पातळ झाली होती. त्या दाबाने मला बारीक चीर गेली. त्याला ती दिसली नाही. हात धुऊन तो पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसला.

दुपार झाली आणि डिंपल आली.

मित्रांनो, माठाला ओरडता येत नाही. तिने नेहमीसारखा फटीत हात घातला. ती खड्ड्याकडे बघत नसे, तिचं बोट सवयीने तिथे जाई. मी आयुष्यात कुणाची विनवणी केली नव्हती, पण तेव्हा केली. कुणीतरी या. कुणीही या, टीव्ही बघणारा तो मूर्ख आला तरी चालेल. कुणी आलं नाही. तिचं नख कणकेला लागलं. माती निघेना म्हणून तिने जोर लावला, आणि मी फुटलो.

जिथून तिने मला खाल्लं होतं, तिथूनच फुटलो. पाण्याचा लोंढा तिच्या हातावरून, साडीवरून वाहिला आणि कणीक वाहून मोरीत गेली. सगळे धावले. सून ओल्यात बसलेली, ओठांवर उडालेली माती. बेबाबाईने तिची हनुवटी धरली.

"काय खादं तू? तोंड उघड! तठे औषध व्हतं वं!"

डिंपल रडू लागली. "उंदीर नही, आत्याबाई. मी शे. मीच खायेल शे ती माटी."

तेजसने तिला गाडीत घालून जळगावला नेलं. औषध पोटात गेलं नव्हतं. पण रक्त इतकं कमी होतं की डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि सलाइनमधून लोह द्यायला सुरुवात केली. तेजस फोनवर आबांना हे सांगत होता आणि रडत होता. त्या दिवशी त्याने बाळ केवढं झालं ते सांगितलं नाही.

फोन ऐकून बेबाबाई पडवीत आली आणि माझी खापरं गोळा करू लागली. एक खापर तिने नाकाशी नेलं. इकडेतिकडे पाहिलं आणि जिभेला लावलं. मग ती तशीच खाली बसली.

"तेजस पोटमा व्हता, तव्हय मी बी चुल्हानी माटी खायेल शे," ती म्हणाली.

आबा दारात उभे होते. "माले कधी सांगं नही."

"तुम्ही कव्हय इचारं?"

बेबाबाई उठली, देव्हाऱ्यामागच्या गोळ्या काढून पिशवीत घातल्या आणि जळगावची बस धरायला गेली. तिला सगळं माहीत होतं, मित्रांनो. स्वतः भोगलेलं होतं. तरी विसरली. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

शेजारणींनी माझ्या खापरांना हळदीकुंकू वाहिलं, माठाने सून वाचवली म्हणाल्या. दोन दिवसांनी मला कढीपत्त्याखाली फेकून दिलं. ठीक आहे. मला माणसांकडून जास्त अपेक्षा कधीच नव्हती.

जुन्या माठाची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माठ बाजारात दुसरा मिळतो. पण घरात कधी माती कुरतडलेली दिसली, तर औषध आणण्याआधी घरातल्या बाईचं तोंड नीट पाहा. आणि तिला विचारलं, तर उत्तर तिलाच देऊ द्या.

डिंपल आता घरी आली आहे. रोज गोळी घेते, आणि बेबाबाई समोर उभी राहून ती गिळेपर्यंत हलत नाही. पावसाळ्यात बाळ येईल. त्याचे फोटो निघतील, पेढे वाटले जातील. त्याने पहिली लाथ कुणाला मारली, हे मात्र त्याला या घरात कुणी सांगणार नाही. मित्रांनो, तुम्ही तरी सांगा.