टॉवर बोलत नाही

विमान बाराशे फुटांवर. चाकं खाली. धावपट्टी समोर, काडेपेटीतल्या काडीएवढी.

जबाबाचा कागद फ्रिजवर, चुंबकाखाली. सही करून आज चार वाजेपर्यंत पोचवायचा.

एका गवंड्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्याला नुसतं खरचटलं.

"त्या खुर्चीला एकदा तेल द्या, नाहीतर तिला बाहेर ठेवा आणि तुम्हीही तिच्याबरोबर बसा."

टॉवर बोलत नाही.

सगळं एकाच दुपारी, एकाच माणसाच्या डोक्यात. हा माणूस क्रेनवाला. एकोणीस वर्षं तो उंच क्रेनच्या काचेच्या डब्यात बसून खालच्या माणसाच्या आवाजावर लोखंड, विटा, काँक्रीट उचलत आणि उतरवत आला. गेल्या मंगळवारी अपघात झाला. चौकशी संपेपर्यंत घरी बसा, असं सुरक्षा अधिकारीबाईंनी सांगितलं, आणि घरी बसणं हे एकच काम त्याला आजवर जमलं नव्हतं. हात शिवशिवायचे. मग त्याने संगणकावरचं जुनं विमान बाहेर काढलं. विमान म्हणजे खेळ, पण साधासुधा नाही. माइकवर टॉवरला हाक मारायची, परवानगी मागायची, टॉवर सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, आणि मगच हलायचं.

आणि हा टॉवर तीन दिवस त्याच्याशी कट्टी करून बसला होता.

दरवेळी तेच. टॉवर म्हणायचा, उतरायला परवानगी आहे. हा म्हणायचा, उतरायला परवानगी आहे, उतरतोय. त्यानंतर टॉवरची वाचाच बसायची. हा उतरत राहायचा, आणि चाकं टेकणार एवढ्यात पडदा काळा, वर लाल अक्षरं: सूचना पाळल्या नाहीत. उड्डाण रद्द.

"कुठल्या सूचना? कुठल्या?" तो पडद्यावर खेकसला. "तू तोंड उघडलंस का?"

"कोणाशी भांडताय?" बायको आतून.

"टॉवरशी."

"मग असू द्या. मला वाटलं, माझ्याशी."

हेडफोनची पिन काढली, फुंकली, घातली. आवाज शंभरावर. हेडफोन बदलला, मुलीचा जुना, गुलाबी. अख्खा खेळ काढून टाकला, पुन्हा घातला. दोन तास गेले. टॉवर बोलत नाही. मधेच उठून फ्रिजपाशी गेला, कागदाकडे पाहिलं, फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला. परत बसला. खुर्ची कुरकुरली.

कागदावर त्याचेच शब्द होते, अधिकारीबाईंनी टाइप केलेले. "सिग्नल देणाऱ्याने मला 'मी सांगेपर्यंत खाली घे' असे सांगितले. मी खाली घेत होतो. 'थांब' हा शब्द मला ऐकू आला नाही. तो त्या वेळी फोनवर बोलत असावा."

सिग्नल देणारा म्हणजे शिट्टी. वॉकीटॉकी येण्याआधी तो दोन बोटं तोंडात घालून असा आवाज काढायचा की चौदाव्या मजल्यावर कानठळ्या बसत. तेव्हापासूनचं नाव. अकरा वर्षं हा वर आणि तो खाली. शिट्टी म्हणत होता, मी तीनदा थांब म्हणालो. खाली मिक्सरचा खडखडाट, कोणी ऐकलं नाही. काँक्रीटची बादली गवंडी उभे होते त्या परांचीला लागली. आता एकाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द. क्रेनवाल्याच्या शब्दाला एकोणीस वर्षांचं वजन. सही झाली की शिट्टी कायमचा घरी.

'फोनवर बोलत असावा.' हे वाक्य त्याने का घातलं होतं? अधिकारीबाईंनी विचारलं, मग तो काय करत होता? काहीतरी सांगायला हवं होतं. तोंडातून गेलं.

खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळावर त्याने तक्रार लिहून ठेवली होती. अडीचच्या सुमारास कोणा अनोळख्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: टॉवर बहुतेक बोलतोय. खेळातली नोंदवही उघडून बघा, आवाजाची फाइलही तिथेच असते.

उघडली.

टॉवर: उतरायला परवानगी आहे.
विमान: उतरायला परवानगी आहे, उतरतोय.
टॉवर: उतरू नका. धावपट्टीवर वाहन आहे. वर जा.
टॉवर: वर जा.
टॉवर: ऐकू येतंय का? वर जा.

आणि शेजारच्या रकान्यात, त्याच्या नावापुढे: बोलायचं बटण दाबलेलं, एकेचाळीस सेकंद.

त्याने आवाजाची फाइल लावली. त्याने टॉवरला एकेचाळीस सेकंद काय ऐकवलं होतं? सुरुवातीला त्याचं वाक्य. मग श्वास. खुर्ची. श्वास. लांबून बायकोचा आवाज: "चहा ठेवू का?" श्वास. पुन्हा बायको: "अहो, चहा?" खुर्ची.

चहाचंही त्याने ऐकलं नव्हतं.

तो उठला. खिडकीपर्यंत गेला. परत आला. खेळ वेगळा, क्रेन वेगळी. खेळात काय, काहीही होतं. पुन्हा खिडकी. बटण त्यानेच बसवलं होतं, विमान चालवायच्या काठीवर, तर्जनीखाली. का तिथे? हाताला सवय म्हणून. क्रेनच्या उजव्या दांडीवर ते तिथेच असतं, वॉकीटॉकीची तार तिथेच जोडलेली.

"जरा इकडे ये गं."

बायको टॅक्सीच्या कचेरीत कामाला होती. दिवसभर साठ गाड्यांशी रेडिओवर बोलायची, सुट्टीच्या दिवशी कमीत कमी शब्दांत भागवायची. ती हात पुसत आली.

"मी उतरवतो. तू माझ्या या बोटाकडे बघ. पडद्याकडे नाही."

"लग्नात म्हणाला होतात, जग दाखवीन."

"बघ तू."

बाराशे फूट. चाकं खाली. टॉवरने परवानगी दिली. त्याने बटण दाबलं, म्हणून दाखवलं. धावपट्टी मोठी होऊ लागली, वाऱ्याने नाक डावीकडे ओढलं, त्याने सावरलं.

"सोडलं नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"बटण. अहो, अजून दाबलेलंच आहे. नख पांढरं पडलंय." ती वाकली. "आमच्याकडे बावीस नंबर असाच आहे. गर्दीत घुसला की बटण पिळून धरतो, आणि ते दाबलेलं असेपर्यंत समोरचं येतच नाही. मी इकडे बोंबलतेय, त्याला ढिम्म ऐकू येत नाही. आणि वर मलाच विचारतो, मॅडम, झोपला होतात का?"

पडदा काळा. लाल अक्षरं.

 मंगळवारी वरून बादली खाली निघाली तेव्हाही वारा होता. शिट्टी म्हणाला, मी सांगेपर्यंत खाली घे. त्याने बटण दाबून म्हटलं, घेतोय. बादली झुलली. त्याने दांडी घट्ट धरली. त्यानंतर त्याच्या कानात नुसती शांतता होती. अशी शांतता त्याने आजच, तीन वेळा, घरात बसून ऐकली होती.

"चहा?" बायको म्हणाली.

"नको. हो. नको." घड्याळात तीन वीस. त्याने फोन लावला.

"बोल, वरच्या," शिट्टी म्हणाला. थंड.

"तू थांब म्हणालास."

"तीनदा. कितीदा सांगू?"

"नंतर?"

"नंतर तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो जबाबात घातला नाही, साहेब बाई आहेत."

"मला काही ऐकू आलं नाही. कारण माझं बोट बटणावर होतं. घेतोय म्हणालो आणि सोडलंच नाही."

 त्याने फोन कानापासून लांब धरून पाहिला, चालू आहे की नाही.

"कोणी बघितलं?" शिट्टीने विचारलं.

"कोणीच नाही. वर मी एकटाच असतो."

"मग बोलू नकोस, असं मी म्हणणार नाही. ऐकलंस ना? म्हणणार नाही. माझ्या घरात चार तोंडं आहेत."

"ऐकलं."

"आणि फोनवर होतो म्हणालास, वरच्या. ते मला लागलं. बाकी काही नाही."

त्याने फ्रिजवरचा कागद काढला, पाठीमागे पेनने नवा जबाब लिहिला. पाच ओळी. तिसऱ्या ओळीत कागद फाटेपर्यंत पेन दाबलं गेलं. शर्ट उलटा घातला, बायकोने दारात थांबवून सुलटा करायला लावला, आणि चारला सात मिनिटं कमी असताना तो कामाच्या जागेवरच्या पत्र्याच्या कचेरीत उभा होता.

सुरक्षा अधिकारीबाईंनी दोनदा वाचलं. "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"घरी विमान उतरवत होतो."

त्यांनी चष्मा काढला. "एका खेळावरून?"

"हो."

"परवाना जाईल तुमचा. निदान वर्षभर. क्रेनला हात लावता येणार नाही. कळतंय का?"

"परवाना जाईल. वर्षभर क्रेनला हात लावायचा नाही," त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "कळलं."

त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. सही करून त्याने पेन ठेवलं, आणि हात मोकळा सोडला.

अपघाताच्या मंगळवारी सकाळी, तो शिडी चढायच्या आधी, वर तुला नीट ऐकू यायला हवं म्हणत, शिट्टीने आपल्या वॉकीटॉकीतली नवी बॅटरी काढून त्याच्या वॉकीटॉकीत घातली होती.