सात नंबरच्या चादरी

आमच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मधोमध एक भिंत आहे. धुलाईची मोठी मशीनं त्या भिंतीतच बसवलेली, प्रत्येकाला दोन दारं. मळक्या बाजूच्या बायका एका दारातून चादरी आत कोंबतात आणि धुतल्या बाजूला आम्ही दुसऱ्या दारातून त्या बाहेर काढतो. मी सोळा वर्षं धुतल्या बाजूला इस्त्रीवर आहे. पलीकडे जायची आम्हाला बंदी आहे आणि मला कधी तशी हौसही नव्हती.

घरी ताई आणि मी, दोघीच. ताईची फुप्फुसं कामातून गेली होती. चार जिने उतरणं जमेना, म्हणून तीन वर्षं ती खिडकीजवळच्या खुर्चीतच होती. पुढेपुढे तिची जेवणावरची वासनाच उडाली. तपासायला घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की कामावरून येताना हिच्यासाठी रोज एक चांगली गोष्ट आणत जा, घडलेली, लहानशी का असेना. मन रमलं तर चार घास जातील. मी म्हटलं, चांगल्या गोष्टी काय रस्त्यावर पडल्यात? त्यात आणायला सांगितलं कुणाला, तर मला! ताई लहानपणापासून मला बिब्बा म्हणायची, चिडक्या बिब्ब्यातला, आणि उगाच म्हणत नव्हती.

ताईचे कान मात्र शाबूत होते. त्या संध्याकाळी तिने ताटाला हात लावला नाही.

"आधी गोष्ट," ती म्हणाली, "मग घास."

चार दिवस मी कसंबसं खरं काहीतरी रेटलं. पाचव्या दिवशी झोळी रिकामी. दिवसभर वाफ, घाम आणि मुकादमाचा ओरडा, यातलं सांगणार काय? मग मी थाप मारली. म्हटलं, आज एका चादरीत कवळी सापडली. चार नंबरच्या वॉर्डातले एक आजोबा दोन दिवस तोंडावर हात ठेवून बसले होते, मी स्वतः वर जाऊन त्यांना ती दिली, तर त्यांनी दात बसवले आणि सगळ्यात आधी सिस्टरला मनसोक्त शिव्या दिल्या. ताई खोकला येईपर्यंत हसली. त्या दिवशी तिने ताट पुसून खाल्लं.

मग काय, चादरींतून रोज काहीतरी निघायला लागलं. चष्मा, अंगठी, कुणा नवऱ्याने बायकोला लिहिलेली माफीची चिठ्ठी. आम्ही एकेक चादर हाताने झटकून बघतो, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं. खरं तर माझ्या हातात येईपर्यंत चादरीत सुरकुत्यांशिवाय काही उरलेलं नसतं. पण थापेलासुद्धा खरा चेहरा लागतो, म्हणून मी माणसांकडे बघायला लागले. घड्या घालणारी माझी शेजारीण उशांचे अभ्रे दुमडताना त्यांच्याशी बोलते, हे मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं. फाटकावरचा म्हातारा रोज वेगळ्या पायाने लंगडतो, हेही नाही. संध्याकाळी मला घरी जायची घाई व्हायला लागली. खरं सांगते, त्या काळात मी सुखी होते, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग ताईला ताप भरला आणि तिला आमच्याच हॉस्पिटलात सात नंबरमध्ये ठेवलं. तो संसर्गाचा वॉर्ड. आत कुणाला सोडत नाहीत. संध्याकाळी दहा मिनिटं बाहेरच्या पॅसेजमधून काचेतून बघायचं, बस. काच दुहेरी, आवाज जात नाही, आणि ताईला आता फोन धरून बोलण्याएवढाही दम नव्हता. मी हातवारे करायचे, ती मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी तिने एक खूण केली. हवेतच काहीतरी झटकलं, दोन बोटांनी त्यातून काहीतरी उचललं, उलगडून डोळ्यांसमोर धरलं आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं विचारतेय, अजून सापडतं का गं चादरींत काही? मी जोरजोरात मान हलवली. रोज, रोज, असं बोटांनी सांगितलं. ताईने हात छातीवर ठेवला. मग मला दाखवत दाखवत तिने वाटीतली पेज संपवली.

त्याच आठवड्यात सात नंबरच्या चादरी खराब यायला लागल्या. कागदाचा लगदा सगळीकडे चिकटलेला. तो इस्त्रीच्या गरम रोलरला लागला की करपायचा आणि मुकादम माझ्या नावाने शंख करायचा. मी नखांनी एकेक कण खरवडून काढत सात नंबरवाल्यांचा उद्धार करत होते. तक्रारवहीत ठसठशीत अक्षरात लिहिलंसुद्धा, की कपड्यांत कागद टाकणाऱ्याला समज द्यावी. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मला वर बोलावलं. ताई गेली होती.

सिस्टर बाहेर आल्या. ताईचा चष्मा त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. फार त्रास झाला नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमची चिठ्ठी मात्र एक दिवस चुकवली नाही हो त्यांनी."

कसली चिठ्ठी, मी विचारलं.

"रोज चादर बदलायच्या आधी लिहायच्या. जेवणाबरोबर कागद येतो ना, त्याच्या मागे. लिहून अभ्र्यात सरकवायच्या. म्हणायच्या, माझी बहीण खाली एकेक कपडा झटकून बघते, तिला बरोब्बर मिळतं. तुम्हीच खुणेने सांगितलंत ना?"

सात नंबरचे कपडे कुणीही उघडत नाही. ते ज्या पिशवीत बांधून येतात ती गरम पाण्यात विरघळते, म्हणून पिशवीसकट मशीनमध्ये टाकतात. हे लॉन्ड्रीत सगळ्यांना माहीत आहे. ताईला माहीत नव्हतं, कारण मी तिला दुसरंच सांगितलं होतं.

"आजची?" मी विचारलं.

"पहाटे लिहिली. कपडे मघाशीच खाली गेले."

मी जिने उतरले ते थेट मळक्या बाजूला घुसले. कुणीतरी ओरडलं. सात नंबरचे कपडे टाकलेलं मशीन चालू होतं. काचेआड फेस गरगरत होता, आणि पाणी भरलं की ते दार धुणं संपेपर्यंत कुणाच्या बापाला उघडत नाही. तिथल्या मावशींनी काही न विचारता मला स्टूल दिलं. पन्नास मिनिटं मी त्या काचेसमोर बसले. मग भिंतीला वळसा घालून माझ्या बाजूला गेले आणि दार उघडलं. अभ्र्याच्या कोपऱ्यात सुपारीएवढा पांढरा गोळा होता.

सिस्टरना मी नंतर विचारलं, की एखादी तरी वाचलीत का? एकच वाचली होती, पहिली. नुसतं एवढंच होतं, म्हणाल्या: 'आज बिब्बा केस विंचरून आली होती.'

आता मी रोज केस विंचरून कामाला जाते. संध्याकाळी ताट वाढून ताईच्या खुर्चीसमोर बसते. आधी गोष्ट, मग घास. थापा मात्र सोडल्यात, त्यामुळे कधीकधी उपाशीच झोपते.